येसाबाईचा मोतीबिंदू

सखोबा महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी सारोळ्यास राहिले होते. नदीकाठच्या देवळात रोज सकाळी त्यांचे निरूपण चाले.

येसाबाई काचारीण खांब चाचपत येई आणि सर्वांच्या मागे बसे. चाळीस वर्षे तिने भट्टीपुढे बसून काचेच्या बांगड्या घडवल्या होत्या. आधी दिव्याभोवती कडी दिसू लागली, मग उन्हात सारे धूसर होऊ लागले, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या पडल्या. आता उजेड आणि अंधार एवढाच भेद तिला कळे.

एके दिवशी तीर्थ घेताना तिच्या हाताचा धक्का लागला आणि थोडे तीर्थ त्र्यंबकशास्त्र्यांच्या सोवळ्यावर सांडले.

शास्त्री कडाडले, "जन्मोजन्मीचं पाप हिच्या डोळ्यांत उतरलंय. उद्यापासून पायरीखाली बसायचं."

लोक हसले. येसाबाईच्या कानशिलांपर्यंत आग गेली. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, माझ्या हातच्या बांगड्या तुमच्या देवीला चालतात. मी तेवढी चालत नाही व्हय?"

महाराजांनी पोथी मिटली. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला.

"पाप कोणाला म्हणता? डोळ्यातलं भिंग गढुळतं, त्याला मोतीबिंदू म्हणतात. कुणाला तो वयाने येतो, केस पिकावेत तसा. कुणाला मार लागून येतो, कुणाला मधुमेहाने. कुणाचा मधोमध धरतो, कुणाचा कडेने आत सरकतो, कुणाचा मागच्या बाजूला बसून उन्हात छळतो. हिने भट्टीची धग डोळ्यांवर झेलली, म्हणून गावातल्या लेकीसुनांची मनगटं भरली. त्या बांगड्या मिरवायच्या आणि हिला पायरीखाली बसवायचं?"

शास्त्री म्हणाले, "शास्त्रात सांगितलंय, महाराज."

"मग शास्त्र घरीही लावा. पाळण्यात तुमची दोन महिन्यांची नात आहे. जन्मतःच तिच्या डाव्या बाहुलीत पांढरा ठिपका आहे, म्हणून तुम्ही तिचं बारसं केलं नाहीत. तिने कोणतं पाप केलं?"

ही गोष्ट शास्त्र्यांच्या उंबऱ्याबाहेर गेलेली नव्हती.

महाराज उठले. पळीतले उरलेले तीर्थ बोटांवर घेऊन त्यांनी येसाबाईच्या पापण्या पुसल्या. तिला आधी ओली फरशी दिसली, मग महाराजांची धुळीने माखलेली पावले, मग त्यांचा चेहरा. ती हमसून हमसून रडली. मान वळवली तेव्हा शास्त्री दिसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. जिभेवर आलेले जहर तिने गिळले.

"पोरगी आणा इकडं," ती म्हणाली.

शास्त्री अनवाणी धावले आणि नातीला घेऊन आले. महाराजांनी हात पुढे केला नाही. "येसाबाईच्या मांडीवर द्या."

शास्त्री क्षणभर थबकले. मग त्यांनी मूल दिले. पोळलेल्या, खरखरीत बोटांनी तिने तीर्थ लावले. "देवा, मला दिलंस त्यातलं निम्मं हिला दे. मला एक डोळा पुरे."

पाहता पाहता ठिपका विरघळला. मूल तिच्या तोंडाकडे टक लावून बघू लागले आणि खुदकन हसले. येसाबाईच्याही दोन्ही डोळ्यांची दृष्टी तशीच राहिली.

शास्त्री महाराजांपुढे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "अपमान माझा नव्हता झाला, शास्त्रीबुवा."

तेव्हा त्र्यंबकशास्त्र्यांनी साऱ्या गावादेखत येसाबाईच्या पायांवर डोके ठेवले. आणि येसाबाईने पाय मागे घेतले नाहीत.