नोटिशीची चव

रानात माणसांनी वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वाळवीच्या वारुळाची निवासी जागा बाजारासाठी खुली करायचा प्रस्ताव रानपालिकेत आला.

सभेत अध्यक्ष कोल्हेसाहेब म्हणाले, "हरकतींची नोटीस महिनाभर तुमच्याच दारावर होती, तांबूबाई. एकही हरकत आली नाही."

म्हातारी वाळवी तांबूबाई ओशाळली. "साहेब, ती पहिल्याच दिवशी पोरांनी खाल्ली. वाचायची राहूनच गेली."

सगळे सभासद खो खो हसले. तांबूबाईच्या डोळ्यांपुढे मात्र वारुळातली अंडी आली.

"पोरांना चव फार आवडली हो," ती म्हणाली. "तसलंच आणखी शोधत तुमच्या कचेरीत जाऊन आली."

कोल्हेसाहेबांनी घाईघाईने प्रस्तावाची फाइल उघडली. आत नुसती लाल नाडी उरली होती.

"लेखी हरकत जमली नाही, साहेब," तांबूबाई अदबीने म्हणाली, "पण प्रत्येक पानावर घेतली आहे."