दर्याकडे ठेवलेलं तेल

माडबंदर म्हणून खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे पुळणीवर, सुरूच्या झाडाखाली महाराज राहत. ते कुठून आले, कोणत्या गादीचे, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अंगावर एक पंचा आणि बसायला जुन्या शिडाचा तुकडा, एवढाच त्यांचा संसार. गावाने नावही आपल्या सोयीने ठेवलं होतं, पुळणीवरचे महाराज. जाळी दुरुस्त करायला माणसं त्यांच्याजवळ येऊन बसत आणि उठायचं विसरून जात.

त्या गावात एक जुनी चाल होती. ज्या घरचा माणूस दर्यावर गेला, त्या घरच्या बाईने तो परतेपर्यंत केसांना तेल लावायचं नाही. धर्मा खलाशाची बायको चांगुणा ही चाल मनापासून पाळी. धर्मा गोमाजी नाखव्याच्या होडीवर कामाला, म्हणजे घरी कमी आणि पाण्यावर जास्त. घरामागे एकुलता एक माड. त्याच्याच खोबऱ्याचं तेल ती घरी काढी. आता केसांना लावायचं नाही त्या तेलाचं करायचं काय? ती वाटीत घेऊन रोज सकाळी महाराजांकडे जाई आणि म्हणे, "दिव्याला होईल." याहून दुसरं काही द्यायला तिच्या घरात नव्हतंच.

महाराज वाटी कपाळाला लावीत. मग दिवाबिवा काही न लावता सरळ पाण्याकडे चालू लागत आणि काळ्या खडकावर उभे राहून सगळं तेल समुद्रात ओतीत. रिकामी वाटी पुन्हा चांगुणेच्या हातात! एकदा न राहवून तिने विचारलंच, की महाराज, हे तेल जातं तरी कुठं?

महाराज हसले. म्हणाले, "जात नाही गो. त्याच्याकडे ठेवायला दिलंय. मोठ्या घरचा आहे तो, विसरायचा नाही."

चांगुणेला त्यातलं फारसं उमगलं नाही. पण महाराज म्हणाले ना, मग झालं! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाटी घेऊन हजर.

गोमाजी नाखव्याला मात्र हे बघून हसू आवरेना. त्याची होडी गावात सगळ्यांत मोठी, आणि आवाज होडीहून मोठा. माणूस वाईट नव्हता हो, पण दर्या आपल्याला विचारून हलतो अशी त्याची समजूत झाली होती. मासळीची वाटणी चालली असताना, सगळ्या बायांच्या देखत, तो चांगुणेला म्हणाला, "काय गो, दर्याचे गुडघे दुखतात काय? रोज तेल चोळतेस ते!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चांगुणेने मान खाली घातली. घरी जाताना तिचे डोळे भरून आले, पण सकाळची वाटी काही तिने चुकवली नाही.

वैशाख सरत आला. उकाडा असा की सावलीत बसलं तरी अंगाला धारा लागाव्यात. झावळी हलत नव्हती. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट, आणि हात घातला तर कोमट. पावसाळा तोंडावर आला म्हणून एकेकाने आपली होडी पुळणीवर ओढून माडाच्या झापांनी झाकली होती. गोमाजी तेवढा अडून बसला. असा निवांत दर्या आणि जाळ्यात येणारा असा सरंगा सोडून घरी कोण बसतो, म्हणाला, आणि शेवटची एक खेप मारायची ठरवली.

होडी पाण्यात लोटायच्या वेळी महाराज स्वतः उठून आले. म्हणाले, "नाखवा, समुद्र निजलेला नाही. नुसते डोळे मिटून पडलाय. होडी वर घ्या."

गोमाजी म्हणाला, "तुम्ही एवढं तेल घालून निजवलाय त्याला, महाराज. मग भ्यायचं कशाला?"

महाराज वाटेतून बाजूला झाले. धर्मा होडीत चढला. नाखवा चालला म्हणजे खलाशाला जावंच लागतं. त्याने चांगुणेकडे पाहून हात हलवला आणि होडी निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैर्ऋत्येला ढगांची काळी फळी धरली. बघता बघता ती वर चढली, आणि मग जो वारा सुटला म्हणता! माड वाकून जमिनीला टेकू लागले, झाकलेल्या होड्यांवरचे झाप उडून गेले. सगळं गाव पुळणीवर धावलं. तेवढ्यात गोमाजीची होडी दिसली. शीड फाटलेलं, डोलकाठी मोडलेली, माणसं वल्ह्यांना लोंबकळलेली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तो ओलांडल्याशिवाय घर नाही. आणि त्या दांड्यावर घराएवढ्या लाटा फुटत होत्या. तिथे होडी आली की उलटणार, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

चांगुणा धावत महाराजांकडे आली. येताना वाटी हातातून पडून तेल वाळूत सांडलं होतं. तिला रडू फुटलं.

"महाराज, आजच मेली हातात वाटी राहिली नाही. थेंबसुद्धा नाही हो माझ्याकडे."

महाराज तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आजचं कोण मागतंय गो तुझ्याकडे? इतके दिवस ठेवायला दिलंस ना? चल, आपण आज परत मागू."

ते काळ्या खडकावर जाऊन उभे राहिले. लाटा त्यांच्या कमरेपर्यंत येत होत्या. शेजारणीकडे हळद मागावी इतक्या साधेपणाने महाराज समुद्राला म्हणाले, "चांगुणेचं द्या."

आणि काय सांगावं! खडकापासून थेट दांड्यापलीकडच्या त्या होडीपर्यंत पाण्यावर एक गुळगुळीत पट्टा उमटला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, फेस उडत होता, पण त्या पट्ट्यावर आली की लाट नुसती फुगायची आणि निमूट खाली बसायची. वारा होता तेवढाच होता, पण पट्ट्यातलं पाणी त्याला दाद देईना. धर्माने ओरडून वाट दाखवली, माणसांनी वल्ही मारली, आणि होडी दांडा ओलांडून पुळणीला लागली. सगळी माणसं धडधाकट उतरली. चांगुणेने धर्माचा हात धरला तो सोडेचना.

सगळ्यांच्या मागून गोमाजी उतरला. त्याने होडीच्या अंगाला हात टेकला आणि तो तसाच थांबला. हात तेलाने माखला होता. त्याने तो नाकाशी नेला. खोबऱ्याचं ताजं, घरचं तेल. होडीच्या दोन्ही बाजूंनी ते अजून निथळत होतं.

गोमाजी धावत जाऊन महाराजांच्या पायांवर पडायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "इथे काय आहे, नाखवा? तेल माझं नव्हतं." आणि चांगुणेकडे वळून म्हणाले, "तुझा माणूस घरी आला. आता केसांना तेल लाव."

"घरात कुठलं आता?" चांगुणा हसत, डोळे पुसत म्हणाली. "होतं तेवढं वाळूत गेलं."

गोमाजीने वाळूत पडलेली तिची वाटी उचलली, धुतली, होडीच्या कडेला धरली आणि निथळणाऱ्या तेलाने काठोकाठ भरली. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, सगळ्या गावादेखत गुडघे टेकले आणि ती वाटी चांगुणेच्या पायांशी ठेवून माथा वाळूला लावला.

चांगुणा गडबडून मागे सरली. "असं नका करू, नाखवा. तुम्ही वडीलधारे."

"करू दे गो," गोमाजी म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज आज जेमतेम ऐकू येत होता. "दर्याचे नव्हे, माझेच गुडघे ताठले होते."