गुरुवारची आमटी

“पण बाबा, तिन्हींतलं कोणतं?” ऋजुतानं पुन्हा विचारलं.

डोळे मिटून बसलेले, एखादंच वाक्य बोलणारे सत्पुरुष भेटतील, असं तिला विमानात वाटलं होतं. इथे मठाच्या स्वयंपाकघरात अच्युतबाबा चुलीपुढे उकिडवे बसून ओल्या लाकडांना शिव्या घालत होते. दर गुरुवारी प्रसादाची आमटी तेच करत. त्या आमटीसाठी लोक लांबून येतात, असं ऋजुताच्या आत्यानं सांगितलं होतं.

“तिन्ही म्हणजे कोणती, ते परत सांग पोरी. मघाशी मी खोकत होतो.”

स्कॉटलंडमधली चांगली नोकरी सोडून ती स्वयंपाक शिकायला परत आली होती. आपल्या मातीतलं अन्न जगाला वाढायचं, हा एकच ध्यास. कोणत्या कॉलेजात नाव घालायचं, ते उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. आणि वडील म्हणाले होते, “ही शेवटची हौस. यानंतर मी काही ऐकणार नाही.”

“बंगळूरचं कॉलेज म्हणतं, तुमच्यात तेज आहे. गोव्याचं म्हणतं, तुमचे विचार वाचून आम्ही भारावलो.”

“वा! आणि तिसरं?”

“सांगलीचं. तिथे हर्डीकरबाई म्हणून शिकवतात. त्यांनी माझं वरण तोंडात घेतलं आणि...”

“आणि?”

“मोरीत थुंकलं! ‘डाळ कच्ची आहे,’ म्हणाल्या. बस्स. ना दृष्टी, ना तत्त्वज्ञान!”

बाबांनी मान डोलावली. आमटीत मूठभर मीठ टाकलं. मग कुठेतरी ठेवलेली आमसुलं शोधली. परत येऊन आणखी मूठभर मीठ टाकलं.

ऋजुता ते बघून अंतर्मुख झाली.

चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. देवाच्या आधी कोण चाखणार? नैवेद्य दाखवला, पंगत बसली, बाबा वाढायला लागले.

ऋजुतानं एक भुरका मारला आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेजारी बसलेले मठातले नेहमीचे भक्त दिनकरराव “अहाहा, काय आमटी!” म्हणत ताकाची वाटी रिकामी करत होते. त्यांची ती पहिली वाटी नसावी.

बाबा समोर आले तशी ती उजळली. “बाबा, कळलं मला! पहिली मूठ म्हणजे अहंकार. दुसरी मूठ म्हणजे अहंकार गेल्याचा अहंकार!”

“दुसरी मूठ?” बाबांच्या हातातला डाव थांबला. “मी मीठ दोनदा घातलं?”

“...हो.”

“मग? खारट झालीय?”

“मिठागर झालंय, बाबा.”

पंगतीतल्या माना तिच्याकडे वळल्या.

“अहो ताई,” दिनकरराव पुटपुटले, “प्रसादाला नावं ठेवू नयेत.”

“दिनकरराव, खारट आहे?” बाबांनी विचारलं.

“प्रसाद आहे, बाबा.”

“ते नाही विचारलं.”

दिनकररावांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

“दर गुरुवारी असंच असतं?” बाबांनी त्यांना विचारलं.

“नाही, नाही! कधीकधी अळणी असते.”

ऋजुताला राहवेना. “पण बाबा, तुम्ही स्वतः कधीच खाल्ली नाहीत?”

“गुरुवारी माझा उपास.”

बाबांनी पातेलं खाली ठेवलं. डावातली आमटी तळहातावर घेतली. पंगतीत कुणीतरी “बाबा, उपास!” असं ओरडलं, पण तोवर ती तोंडात गेली होती.

बाबा तसेच उभे राहिले. गाल फुगलेले.

मग तडक मोरीकडे गेले आणि थुंकले.

त्या दिवशी मठात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. फक्त दिनकरराव प्रत्येकाला सांगत राहिले की, आपण काही म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुतानं बंगळूरला आणि गोव्याला नकार कळवला. खांद्याला पिशवी लावून ती बाबांच्या पाया पडायला आली.

“निघाले बाबा. सांगलीला.”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“काही सांगायचंय का, बाबा?”

बाबांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

“तिथे वयाची अट असते का गं?”