अर्ध्यात तुटलेला शाप

एका राज्यात बोलणारे उदंड होते; ऐकणारा मात्र पगार देऊनही मिळत नसे. तिथल्या राजाचं नाव वाचस्पती. समोरच्याने तोंड उघडलं की महाराजांना पुढचं सगळं कळत असे. महाराजांचं स्वतःचं वाक्य अर्धं झालं की दरबाराने "धन्य! धन्य!" म्हणावं, असा रिवाज होता. त्यामुळे आपलं वाक्य पुरं करण्याची पाळीही महाराजांवर कधी आली नव्हती.

एके दिवशी वेशीपलीकडच्या डोंगरावरचा मांत्रिक कालिंग दरबारात आला. त्याच्या हातात मातीने भरलेली टोपली होती. तो पाच शब्द बोलला असेल, तेवढ्यात महाराजांनी त्याला सात वेळा तोडलं. मांत्रिक भडकला.

"राजा, आजपासून तुझ्या राज्यात ज्याच्या मनात जे आधीच असेल, तेच त्याला ऐकू येईल! आणि हा शाप तेव्हाच सुटेल, जेव्हा..."

"कळलं, कळलं!" महाराज म्हणाले.

मांत्रिक टोपली उचलून चालता झाला. उःशाप त्याच्या तोंडातच राहिला.

त्या दिवसापासून नवरा म्हणे, "भूक लागली," आणि बायकोला ऐकू येई, "कालची भाजी बेचव होती." राजवैद्याला प्रत्येक रोग्याच्या तोंडून पित्तच ऐकू येई. दरबारात फारसा फरक पडला नाही.

तीन वर्षं गेली. तलावाच्या बांधाखाली तळवाडी नावाची वस्ती होती. तिथे दवंडी पिटणारी म्हाळसा राहत असे. तिचं माहेर तिथेच, सासरही तिथेच. एका सकाळी तिला बांधात बोट जाईल एवढी भेग दिसली. तिने हलगी घेतली आणि गावभर ओरडली, "ऐका हो ऐका! बांध फुटतोय, घरं सोडा!"

सणाचे दिवस होते. लोकांना ऐकू आलं, "लाडू वाटणार!" सगळे वाट्या घेऊन बांधाखाली ओळीने उभे राहिले.

म्हाळसा धावत दरबारात गेली. महाराजांना आपली स्तुती ऐकू आली. त्यांनी तिला शाल दिली. ती आणखी मोठ्याने ओरडली. त्यांनी दुसरी शाल दिली.

ती पायरीवर रडत बसली, तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "म्हाळसाबाई, शाप माणसांच्या बोलण्याला आहे, पाखरांच्या नाही. उरलेला अर्धा शाप मांत्रिकाकडे आहे. जा, ऐकून ये."

म्हाळसा वेस ओलांडून डोंगर चढली.

मांत्रिक म्हणाला, "शाप वेशीपर्यंतच चालतो, बाई, पण सवय वेशीबाहेरही येते. आधी तिघांचं ऐक. ते जे बोलतील ते मला सांग. त्यातलं गाळू नकोस, पदरचं घालू नकोस."

पहिला होता खजिन्यावरचा नाग. थंडगार सोन्यावर बसून बसून पाठ कशी धरली आहे, ते तो दुपारपर्यंत सांगत होता. निर्गुडीचा पाला म्हाळसाच्या अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला. नाग सुस्कारला. "तीनशे वर्षांत औषध न सांगणारी तू पहिलीच."

दुसरी दगडाची यक्षीण. ती म्हणाली, "तू कसली दवंडीवाली! ओरडतेस आणि पुढच्या गल्लीला जातेस. कुणाला कळलं की नाही, हे कधी मागे वळून पाहिलंस?" म्हाळसाकडे तीन उत्तरं तयार होती. तिने तिन्ही तिथेच ठेवली.

तिसरी वडाखालची एक म्हातारी. ती बोलेचना.

"काय झालं, आजी?"

"काही नाही."

म्हाळसा उठली नाही. बऱ्याच वेळाने म्हातारी म्हणाली, "विचारतात सगळे. थांबत कुणी नाही."

म्हाळसाने तिघांचं बोलणं मांत्रिकाला सांगितलं. यक्षिणीचं तर सगळ्यात नीट. मांत्रिक म्हणाला, "तुझे कान मोकळे झाले. आता ऐक. ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा एक प्रश्न राजाने विचारला, की शाप सुटेल."

"पण तो विचारील कसा?"

"ते मलाही ठाऊक नाही. माझं बोलणं तिथवर कधी पोचलंच नाही."

म्हाळसा परतली, तोवर भेगेतून शेळीचं करडू जाईल, अशी स्थिती होती. दरबारात जाऊन ती महाराजांसमोर नुसती बसली.

"आमच्यासारखा राजा," महाराज सुरू झाले, "त्रिभुवनात..."

दरबाराने "धन्य" म्हणायला तोंड उघडलं. म्हाळसाने हलगीवर अशी थाप मारली की धन्य बुडून गेलं. मग ती महाराजांकडे पाहत राहिली.

महाराज अडखळले. वाक्याचा पुढचा भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "त्रिभुवनात... नसेल. म्हणजे, आम्ही प्रजेसाठी... आम्ही प्रजेला..." म्हाळसा ऐकत होती. दरबाराने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा थाप पडली. महाराज बोलत गेले, आणि होतं नव्हतं ते सगळं बोलून संपलं. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगायचं तर तीन वर्षांत आम्हाला काहीच कळलेलं नाही." त्यांनी वर पाहिलं. "तू का आली आहेस, बाई?"

वाळलेली चिंच फुटावी तसा आवाज झाला आणि राज्यातले सगळे कान उघडले.

"बांध फुटतोय, महाराज. तळवाडी खाली करा."

"कळ..." महाराजांनी जीभ चावली. "बांध फुटतोय. तळवाडी खाली करायची. असंच ना?"

"असंच."

म्हाळसाने पुन्हा दवंडी पिटली. या वेळी प्रत्येक दारी थांबून, समोरच्याकडून वदवून घेत. सांजेला तळवाडी रिकामी झाली होती आणि हजार हात भेग बुजवत होते. पहिले दोन बोळे म्हाळसाच्या शालींचे होते. बांध टिकला. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या घरी परतले, आणि महाराजांनी खरोखरच लाडू वाटले.

मग महाराजांनी मांत्रिकाला मानाने बोलावलं. "त्या दिवशी आपण काय सांगायला आला होता?"

"बांधाला खेकड्याचं बीळ पडलंय, एवढंच. टोपलीभर माती पुरेल म्हणून सोबत घेऊनच आलो होतो."



"मग नंतर तरी सांगायचं!"

मांत्रिकाने दाढी खाजवली. "शाप देण्याच्या नादात राहून गेलं, महाराज."

तेव्हापासून त्या दरबारात समोरच्याचं म्हणणं त्याला परत सांगितल्याशिवाय कुणी उत्तर देत नाही. कामाला दुप्पट वेळ लागतो, पण ते एकदाच करावं लागतं. त्या राज्याला शहाणपण हजार टोपल्यांना पडलं. आपल्याला ते एका टोपलीत मिळो.