सोनकीने कापलेलं मासिक

सांगा बरं मंडळी, दुकानदाराने विश्वास कोणावर ठेवावा? "वा, काय माल आहे!" म्हणणाऱ्यावर, की माल हातात घेऊन, उलटसुलट करून, गुपचूप परत ठेवणाऱ्यावर? बोरनगरीच्या रत्नकेतू राजाने पहिल्यावर ठेवला, आणि तिथेच फसला!

बोरनगरीला सोंगांच्या डावाचं भारी वेड. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी कोणी चोराचं, कोणी वैद्याचं, कोणी पैलवानाचं सोंग घ्यायचं. सूत्रधार म्हणणार, "समोर ओढा आहे, काय करता?" पैलवान म्हणणार, "उडी मारतो!" मग टाक फासे! दान पडलं तर पलीकडे, नाही तर पाण्यात. पुढे काय वाढून ठेवलंय, ते एकट्या सूत्रधाराला ठाऊक.

या खेळगड्यांसाठी राजाने मासिक काढलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मजकूर राजपंडित दीर्घदेवांचा. दरबाऱ्यांना अंक फुकट मिळायचा, तेव्हा ते म्हणाले, "वा!" बाजारात मात्र एक अंक खपेना!

गावातला सगळ्यात मोठा डाव सोनकी फुटाणेवालीच्या ओट्यावर बसायचा. राजाने तिलाच बोलावून घेतलं.

"काय गं, तुझ्या ओट्यावर रोज डाव रंगतो, आणि माझं मासिक कोणी घेत नाही?"

"घेतात की महाराज! हातात घेतात, चित्रं बघतात, ठेवून देतात."

"उलट उत्तर? मग ऐक! पुनवेच्या आत एक अंक विकून दाखव. सक्ती नाही, सूट नाही, फुकट वाटप नाही. आणि पंडितजींचा एक शब्द बदलायचा नाही! जमलं नाही, तर ओटा बंद, डाव बंद, फासे नदीत!"

पंडितजी मिशीतल्या मिशीत हसले.

सोनकी घरी आली ती सुन्न होऊन. ओटा बंद झाला तर फुटाणे खाणार कोण? भट्टीच थंड व्हायची! तिने अंक उघडला. राजपुत्र ओढा ओलांडतो, कडा चढतो, गुहेपाशी येतो, आतून खोकला ऐकू येतो, आत शिरतो, राक्षसाला मारतो, लग्न करतो, सुखाने राज्य करतो. दुसरी गोष्टही तीच, फक्त राक्षसाच्या जागी मगर. सोनकी खुदकन हसली आणि तिने कात्री काढली.

पुनवेच्या सकाळी तिने राजवाड्यात निरोप धाडला, "महाराज, गिऱ्हाईक बघायला या."

राजा आला, मागे पंडितजी. डाव मांडलेलाच होता.

"महाराज, आमच्यात पैलवान कमी आहे. उभं राहून पाय दुखवण्यापेक्षा बसा की!"

राजा बसला. सोनकीने त्याच्या हातात फुटाण्यांची पुडी ठेवली आणि अंक उघडून सुरुवात केली. "पैलवान, समोर ओढा आहे."

"उडी मारतो!" राजा गरजला. फासे पडले. वाईट दान!

"पडलात चिखलात!"

"धोतर सांभाळा, पैलवान!" वैद्य झालेला रामोजी कासार ओरडला.

पंडितजींनी डोळे मिटून घेतले. राजा मात्र पोट धरून हसला आणि बाह्या सरसावून पुढे सरकला. चोराला खांद्यावर घेऊन तो कडा चढला, वैद्याशी भांडला, आणि सगळे गुहेच्या तोंडाशी पोचले.

"आतून कोणीतरी खोकलं," सोनकी म्हणाली, आणि तिने अंक मिटला.

"अगं, थांबलीस का? आत कोण आहे?"

"इथे अंक संपला. आत कोण, ते अंक घेईल तो ठरवेल. पुढचा सूत्रधार तोच!"

"मग आण इकडे! आज राणीसाहेबांना खेळवतो. आत मी अशी खाष्ट म्हातारी बसवतो की बस!" राजाने रुपया टाकला. सोनकीने किंमत ठेवून घेतली, उरलेले पैसे परत केले आणि हात जोडले.

"महाराज, अंक विकला गेला!"

राजा अंकाकडे बघतच राहिला. "म्हणजे... गिऱ्हाईक मीच?"

"फसवणूक!" पंडितजी कडाडले. "गुहेत राक्षस आहे! माझी पानं कुठे गेली?"

"शब्द एकही बदलला नाही, पंडितजी. शेवट तेवढे कापले." तिने राजाच्या हातातल्या फुटाण्यांच्या पुडीकडे बोट दाखवलं. "राक्षस तिथे आहे!"

"राक्षस होता होय?" राजा पुडी उलगडत म्हणाला.

"महाराज, तुम्ही वाचलं नव्हतं?" पंडितजी चमकले.

"चित्रं बघितली होती," राजा पुटपुटला.

"खेळगड्यांनीही तेवढंच केलं!" सोनकी म्हणाली. "महाराज, ते आचारी. त्यांना ताजी भाजी हवी, फोडणी ते आपली आपण देतात. पंडितजी त्यांना जेवून झालेलं ताट विकत होते!"

राजा असा खदखदून हसला की पुडीतले फुटाणे उडाले! त्याने सोनकीचा ओटा दुप्पट रुंद करून दिला, चांदीची कात्री दिली, आणि हुकूम सोडला, "यापुढे प्रत्येक अंक आधी सोनकीच्या कात्रीखालून जाईल, मग छापखान्यात!"

मंडळी, ही गोष्ट पुढे सांगाल तेव्हा एक विनंती, हिशोब खरा ठेवा. त्या दिवशी अंक एकच खपला, पण पुऱ्या किमतीला. फुटाणे मात्र महाराजांनी फुकट खाल्ले, तेही मांडा!