पंख फुटलेला डोंगर

माणसांनी जंगलात वाटा पाडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. टोकी या साळिंदराच्या पोरीला अजब गोष्टी रचायच्या होत्या.

आजोबा म्हणत, "आधी माझ्या शंभर गोष्टी पाठ कर, मगच तोंड उघड."

"तोवर मी म्हातारी होईन, आजोबा."

एकदा बिळाच्या तोंडाशी बिबट्या हुंगू लागला. भीतीनं पिल्लांचे काटे खुळखुळू लागले. तो आवाज ऐकला असता, तर त्यानं बीळच उकरलं असतं. पिल्लांना शांत करायला आजोबांना शंभरातली एकही गोष्ट आठवेना.

टोकी कुजबुजली, "बाहेर फुसफुसतोय तो डोंगराचा श्वास आहे. त्याला कालच पंख फुटलेत, पण उडायला लाजतोय. आपण हललो, तर बुजेल."

काटे थांबले. कंटाळून बिबट्या निघून गेला.

मग आजोबांनी हळूच विचारलं, "तो डोंगर उडाला का गं?"