जोमा तांडेलाने जाळं सोडलं

मचव्यांना अजून इंजिनं लागली नव्हती, वारा आला की शीड फुगायचं आणि वारा पडला की माणसं वल्ही मारायची, त्या काळातली ही हकीकत. ऐका.

कोकण किनाऱ्यावर आंबोळखार नावाचं कोळ्यांचं बंदर आहे. तिथे जोमा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस, तो सांगेल तिकडे मचवा जायचा. जोमा उंचीला बेताचा, बोलायला कमी आणि स्वभावाने काळजीखोर. मचवा किनाऱ्याला लागल्यावरही तो वळून वळून समुद्राकडे बघायचा. असं म्हणतात, की तो झोपेतसुद्धा वाऱ्याची दिशा सांगायचा.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर मुंबईहून कानविंदेबाई आल्या. त्या समुद्राचा अभ्यास करायच्या. पाणी कुठे किती तापतं, हे त्यांना हवं होतं. पण समुद्र एवढा मोठा आणि त्यांच्याकडे जहाज एकच. मचवे मात्र रोज दर्यात जाणारे. म्हणून बाई पितळी नळ्या घेऊन बंदरोबंदरी हिंडत होत्या. नळीत पारा असायचा. दोरीला बांधून ती पाण्यात सोडायची, हव्या त्या खोलीवर झटका द्यायचा, की पारा तिथल्या तिथे थांबायचा.

आंबोळखारात कुणी नळीला हात लावेना. "दर्याच्या काखेत नळी घालता व्हय बाई?" जोमाचा मेहुणा पोशा म्हणाला, "त्याला ताप भरलाय का?" सगळे पोट धरून हसले.

जोमा हसला नाही. त्याने विचारलं, "पाणी तापलं तर काय होतं, बाई?"

बाईंनी नळीच्या काचेवर एक तांबडी रेघ ओढली. "वरचं पाणी उन्हाने तापतंच, तांडेल. पण पंधरा वाव खालीही पारा या रेघेच्या वर गेला, तर पाणी खोलवर तापलंय असं समजा. अशा पाण्यावर वादळाला बळ मिळतं."

"म्हणजे वादळ येणारच?"

"ते मी सांगू शकत नाही. पण आलं, तर साधं नसेल."

त्या दिवसापासून जोमा रोज जाळं टाकण्याआधी नळी सोडायचा. एक वाव, दोन वाव, हात पसरून पसरून दोरी मोजायचा. आठवड्याचे आकडे गावचे मास्तर बाईंना पत्राने कळवायचे.

पहिल्याच कार्तिकात पारा रेघेच्या वर गेला. हाका मारून मारून त्याने अठराच्या अठरा मचवे माघारी आणले. हंगाम सरंगा मासळीचा, ऐन कमाईचा. तीन दिवस सगळे किनाऱ्यावर बसून राहिले आणि तीन दिवस आभाळ निळंशार राहिलं. शेजारच्या बंदरातल्या मचव्यांना मासळी ठेवायला जागा पुरेना.

"ताप दर्याला नाय," पोशा चावडीवर म्हणाला, "आमच्या भावोजींच्या डोक्याला भरलाय." जोमाची बायको चांगुणा बाजारात बसली की बायका तिच्या कपाळाला हात लावून बघायच्या आणि खिदळायच्या.

बारा दिवसांनी बाईंचं पत्र आलं. वादळ उठलं होतं, पण वाटेत वळून दूरच्या किनाऱ्यावर गेलं होतं. जोमाचे आकडे बरोबर होते. मास्तरांनी पत्र देवळासमोर मोठ्याने वाचलं. तोवर कुणाला त्याचं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून जोमाला दुसरीच भीती लागली. दर्याची नव्हे, माणसांच्या हसण्याची. असं म्हणतात, की तो नळी वर ओढताना डोळे मिटून घ्यायचा.

पुढल्या वर्षी तोच महिना आला. जोमाने नळी सोडली, ओढली, डोळे उघडले. पारा रेघेच्या वर. पुन्हा सोडली. वर. वीस वावांवर सोडली. तिथेही वर. आभाळ स्वच्छ, वारा अंगाला जेमतेम लागेल एवढा.

"काय सांगते नळी?" खलाशाने विचारलं.

"काय नाय," जोमा म्हणाला.

जाळं पाण्यात गेलं. जोमा सुकाणूपाशी बसून राहिला. पुन्हा खोटं ठरलं तर? चांगुणाने बाजारात कसं बसायचं? आणि खरं ठरलं तर? दूरवर सतरा शिडं दिसत होती. प्रत्येक शिडाखाली सहा-सात माणसं.

मग नैर्ऋत्येकडून एक लांबलचक लाट आली. वारा नसताना आली. मचवा सावकाश वर गेला आणि सावकाश खाली आला. तिच्या मागून दुसरी.

जोमा उठला. "मी खोटं बोललो," तो खलाशांना म्हणाला. "पाणी तळापर्यंत तापलंय."

"मग हाका मारू."

"हाकेला कोण फिरतो आता?" जोमाने कोयता घेतला. जाळं नवंकोरं होतं, चांगुणाने अख्खा पावसाळा बसून विणलेलं. त्याने एका घावात दोर तोडला. जाळं मासळीसकट गेलं. खलाशी तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

तुटका दोर हातात उंच धरून जोमा मचव्यामागून मचवा गाठत गेला. "जाळं सोडलं! मी माझं जाळं सोडलं!" एवढंच ओरडत होता. कुणी हसलं नाही. एकेक शीड वळायला लागलं.

सगळ्यात लांब पोशा होता. जोमा पोचला तेव्हा क्षितिज काळं पडलं होतं. पोशाने तो दोर बघितला, जोमाचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "भावोजी, तुम्ही पुढं व्हा. मी मागोमाग येतो."

मग वादळ आलं. असं म्हणतात, की लाटा माडांहून उंच झाल्या आणि दिवसाढवळ्या अंधार पडला. असं म्हणतात, की त्या अंधारात जोमा पुढे राहून नळी सोडत होता, जिथे पाणी थंड लागे तिथे सुकाणू वळवत होता, आणि त्या थंड पाण्यावर एका मचव्यापुरती सपाट वाट पडली होती. तिच्यावरून अठरा मचवे एकामागे एक खाडीत शिरले. गावात एक कौल राहिलं नाही, पण माणूस एकही कमी झालं नाही.

पुढे घरोघरी एकेक पट्टी विणून बायकांनी जोमाला जाळं दिलं. पोशाने ते स्वतःच्या खांद्यावरून आणलं. जोमाने ते घेतलं.

"मी दर्यात खोटं बोललो होतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तुम्ही हसाल म्हणून. तेवढ्या भीतीने तुम्हाला बुडवलं असतं मी. माघारी फिरलेल्याला हसू नका रे."

असं म्हणतात, की म्हातारपणी त्याच्या तळहातातच पारा उतरला होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून तो ताप अचूक सांगायचा.

आज आंबोळखारच्या बोटींना इंजिनं आहेत. जाळ्याला बांधलेलं मुठीएवढं यंत्र पाणी मोजतं आणि आकडे शास्त्रज्ञांकडे आपोआप जातात. पण वादळाच्या भीतीने कुणी रिकामा माघारी आला आणि वादळ आलंच नाही, तर पुढच्या खेपेला त्याच्या दारात पाटी ठेवतात आणि प्रत्येक बोट तिच्यात एकेक मासळी टाकते. त्या पाटीला जोमाची पाटी म्हणतात.

गेल्या हंगामात ती चार वेळा भरली. वादळ एकदाही आलं नाही, आणि कुणी हसलं नाही.